फळझाड आणि फलत्याग

फळझाड लावले जाते ते फळासाठी. सावलीसाठी कडुनिंब लावतात, फुलांसाठी चाफा, कुंपणाला मेंदी. पण परसात आंब्याचे कलम किंवा तुतीची काडी लावणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून फळच असते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७वा श्लोक मात्र माणसाचा अधिकार कर्मापुरता मानतो आणि फळावरचा अधिकार नाकारतो. मग फळझाड लावणारा निष्काम असू शकतो का? फळाची इच्छाच काढून टाकली तर खड्डा खणण्याचे कारण उरत नाही. ती ठेवली तर गीतेची शिकवण मोडते. हा पेच बागेत जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. ‘कर्मफळ’ या शब्दातले फळ एरवी रूपक असते; परसात ते देठाला लटकलेले असते.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या श्लोकाच्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले आहे. कर्म करण्याचा अधिकार आहे, फळावर नाही, फळाच्या लोभाने कर्म करू नये आणि कर्म सोडून बसण्याचाही आग्रह धरू नये, अशी ही चार सूत्रे आहेत. प्रत्येक सूत्र आधीच्या सूत्रातून निघू शकणारा गैरसमज दूर करते. टिळकांच्या मते फलाशा सोडणे म्हणजे कर्माचे उद्दिष्ट विसरणे नव्हे. अमुक केले की अमुक होते हे ज्ञान आणि त्यानुसार आखलेली योजना कर्मात असलीच पाहिजे. सोडायची आहे ती ‘हे फळ मला मिळालेच पाहिजे’ ही ममत्वाची ओढ. म्हणजे फळासाठी झाड लावणे ही एक गोष्ट आणि फळावर हक्क सांगणे ही दुसरी. बागेतील पेच सुटतो तो हा भेद नीट पाहिल्यावर.

हक्क का सांगता येत नाही, याचे उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जायला तिथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. परसबागेत ही पाचही बोटाने दाखवता येतात. अधिष्ठान म्हणजे जमीन: मुरमाड की काळी, पाण्याचा निचरा होणारी की पाणी धरून ठेवणारी. कर्ता म्हणजे बागाईत करणारा माणूस. करण म्हणजे खुरपे, कुदळ, पाणी, शेणखत. चेष्टा म्हणजे आळे करणे, शिंपणे, छाटणे, बहार धरण्यासाठी ताण देणे. यांपैकी ताण ही अजब चेष्टा आहे. पेरू, लिंबू, डाळिंब यांचे पाणी काही आठवडे तोडले जाते. पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि मग खत-पाणी सुरू केले की झाड फुलांनी भरते. अनुभवी माणूस इथे काही न करण्यातून फळ काढतो. किती दिवस काही करायचे नाही, हे मात्र त्याला काटेकोर ठाऊक असावे लागते.

दैव हे पाचवे कारण आंब्याच्या मोहोरावर सर्वांत चांगले दिसते. मोहोराच्या एका तुऱ्यावर फुले हजारांच्या घरात असतात. त्यांतली पुष्कळशी नुसती नर असतात; उरलेल्या द्विलिंगी फुलांपैकी काहींपर्यंतच माश्या आणि मधमाश्या पोचतात. पुढे तुडतुडे येतात, भुरी येते, अवेळी पाऊस किंवा ढगाळ हवा येते. फळ धरले तरी बहुतेक कैऱ्या वाटाण्याएवढ्या किंवा सुपारीएवढ्या असतानाच गळतात. काढणीपर्यंत तुऱ्यामागे एखाददुसरा आंबा टिकला तरी झाड लागले असे म्हणतात. हापूस तर भरभरून आलेल्या वर्षानंतर पुढच्या वर्षी बहुधा विसावा घेतो. कोकमाचे, म्हणजे रातांब्याचे, उदाहरण आणखी बोलके आहे. बी रुजवून वाढवलेले रोप नर की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही, आणि फुले यायला सहा-सात वर्षे जातात. तेवढी वर्षे पाणी घातलेले झाड नर निघाले तर फळ येणारच नाही. म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलम बांधतात. ज्ञानाने दैवाचा वाटा असा कमी करता येतो; तो शून्यावर मात्र आणता येत नाही. पाच कारणांपैकी एकच कर्ता असलेला माणूस फळ संपूर्ण स्वतःचे म्हणू लागतो तेव्हा तो उरलेल्या चौघांचा वाटा नाकारत असतो. सर्व कर्तेपण स्वतःकडे घेणाऱ्याला नीट दिसत नाही, असे गीता याच ठिकाणी म्हणते.

फलत्यागाचा पहिला प्रत्यक्ष पाठ झाड लहान असतानाच येतो. आंब्याचे कलम लावल्यावर एक-दोन वर्षांत, झाड कमरेएवढे असतानाच, शेंड्याला मोहोर फुटतो. कलमाची काडी फळत्या झाडावरून घेतलेली असते, त्यामुळे तिचे फुलण्याचे वय झालेले असते. खालचा खुंट आणि मुळे मात्र अजून पोरवयात असतात. अशा झाडावर फळ ठेवले तर वाढीची शक्ती फळात जाते आणि झाड खुरटते. म्हणून पहिली तीन-चार वर्षे मोहोर खुडून टाकावा असा बागाईतदारांचा नेहमीचा सल्ला असतो. तांबूस देठाचा, चिमुकल्या फुलांचा तो पहिला तुरा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून मोडताना बोटांना चीक लागतो, कैरीचा वास येतो, आणि ज्याच्यासाठी झाड लावले तेच आपल्या हाताने टाकावे लागते. यात फळाची इच्छा मेलेली नाही. झाडाच्या हिताला इच्छेच्या वर बसवले आहे.

हीच शिस्त काही धर्मांत नियम होऊन आली आहे. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे की फळझाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ निषिद्ध मानावे, चौथ्या वर्षाचे फळ परमेश्वराला वाहावे आणि पाचव्या वर्षापासून खावे. यहुदी धर्मशास्त्रात या निषिद्ध फळाला ‘ऑर्ला’ म्हणतात. महाराष्ट्रात कालावधी लहान असला तरी भाव तोच आहे. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला आंबा पितरांना दाखवल्यावाचून खात नाहीत. तुळशीच्या लग्नात चिंच, आवळा, बोर वाहिल्यावरच ती फळे तोंडात घालण्याची रीत कित्येकांनी पाळली आहे. हाताला फळ लागणे आणि ते तोंडात जाणे या दोहोंमध्ये हे नियम थोडी जागा ठेवतात. फळ कष्टाने मिळाले असले तरी ते आधी दिलेले आहे, ही जाणीव त्या जागेत राहते.

फलत्यागाचा अर्थ बेफिकिरी असा होऊ नये, म्हणून गीता त्यागाचे तीन प्रकार करते. मोहाने नेमलेले कर्म सोडणे हा तामस त्याग, शरीराला कष्ट होतील या भयाने सोडणे हा राजस, आणि कर्तव्य म्हणून कर्म करत आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. परसात या तिन्हींची झाडे वेगवेगळी दिसतात. ‘यायचे असेल तर येईल’ म्हणून आळ्यात गवत माजू देणाऱ्याच्या झाडाला वाळवी लागते; उन्हात कोण जाईल म्हणून शिंपण टाळणाऱ्याचे रोप चैत्रात वाळते. निष्काम माणसाचे झाड उलट अधिक निगुतीने राखलेले असले पाहिजे. विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त हाच मुद्दा आहे. फळाच्या चिंतनात ज्याचा वेळ आणि शक्ती खर्च होत नाही त्याचे सारे लक्ष कर्मात राहते, म्हणून त्याचे कर्म सकाम माणसाच्या कर्मापेक्षा सरस व्हायला हवे, असे ते सांगतात. अरणचे संत सावता माळी यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. मळा हीच पूजा झाली की पाणी देण्यात हयगय होणे शक्यच नसते.

आतापर्यंतचा विचार फळ येईपर्यंतचा झाला. फळ आल्यावर ते कसे घ्यावे, हा प्रश्न जैन परंपरेने अतिशय बारकाईने विचारला आहे. लेश्या म्हणजे जीवाच्या मनोभावांचे रंग. त्या सहा आहेत, आणि त्या समजावण्यासाठी जांभळाच्या झाडाचा दृष्टांत दिला जातो. भुकेले सहा जण लगडलेल्या जांभळाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसऱ्याला मोठ्या फांद्या तोडाव्याशा वाटतात, तिसऱ्याला लहान डहाळ्या, चौथ्याला नुसते घोस. पाचवा फक्त पिकलेली फळे तोडू म्हणतो, आणि सहावा जमिनीवर पडलेली वेचून खाऊ म्हणतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या लेश्या अशा क्रमाने दाखवल्या जातात. सहाही जणांची भूक सारखीच आहे आणि सहाव्याचेही पोट भरतेच. फरक आहे तो भूक भागवताना झाडाला किती इजा होते यात. गीतेचा प्रश्न हक्काचा आहे, हा प्रश्न हिंसेचा. दोन्ही मिळून फळाशी असलेले माणसाचे नाते पुरे होते.

चांगल्या काढणीत हा विचार हाताच्या सवयीत उतरलेला असतो. जांभूळ पिकले की आपोआप गळते, म्हणून झाडाखाली जुने लुगडे किंवा चादर अंथरून ते वेचतात. हापूस असा पाडून चालत नाही. काठीला बांधलेल्या झेल्याने तो थोडा देठ ठेवून काढावा लागतो. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. करवंदाच्या जाळीत हात घालताना काटे एकेक फळाचीच परवानगी देतात. फालशाला मात्र थंडीतली छाटणी मानवते, कारण त्याचे फळ नव्या फुटीवर येते. म्हणजे कात्री लावली की हिंसा झाली असेही सरसकट म्हणता येत नाही. कोणते झाड काय मागते हे ओळखणे हाच अहिंसेचा पहिला भाग आहे.

शेवटचा प्रश्न वाटणीचा. इस्लामच्या परंपरेत प्रेषित मुहंमद यांचे वचन हदीसच्या प्रमाण संग्रहांत आहे: मुसलमानाने लावलेल्या झाडाचे जे काही माणूस, पक्षी किंवा जनावर खाईल ते लावणाऱ्याच्या नावे दान ठरते. वटवाघळाने उष्टावलेला पेरू किंवा पोपटाने टोचलेले डाळिंब एरवी नुकसानीत मोजले जाते. या हिशेबात ते जमेच्या बाजूला येते. मुस्नद अहमद या संग्रहातील दुसरे वचन याहून पुढे जाते: कयामतीची घटका आली आणि हातात रोप असले, तर शक्य असल्यास ते लावून टाकावे. फळ येण्याची शक्यताच जिथे संपली तिथेही लावण्याचे कर्म उरते. निष्काम लागवडीची याहून कडक कसोटी सापडणे अवघड आहे.

मात्र त्याग स्वतः करायचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यायचा नसतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त, आरमाराच्या प्रकरणात, याची फार मोलाची नोंद आहे. आंबा, फणस यांचे लाकूड जहाजांना उपयोगी असले तरी त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात आणि ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला सीमा राहत नाही, असे तिथे सांगितले आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. जबरदस्ती करू नये. शेतकऱ्याच्या मायेला इथे कुणी आसक्ती म्हणून हिणवलेले नाही. फळ आपले नाही असे लावणाऱ्याने स्वतःशी म्हणणे हे अध्यात्म आहे. ‘ते तुझे नाही’ असे सत्तेने त्याला सांगणे हा जुलूम आहे. फलत्यागाचा उपदेश नेहमी उपदेश ऐकणाऱ्याच्याच झाडाला लागू असतो, शेजाऱ्याच्या नाही.

तेव्हा फळझाड लावणारा निष्काम असू शकतो. त्याच्या लागवडीला फळाचा हेतू असतो, कारण हेतूशिवाय आंब्याचे आळे आणि नुसता खड्डा यांत फरक राहणार नाही. पण फळ पाच कारणांनी येते हे तो जाणतो, म्हणून आले तर स्वतःला धनी मानत नाही आणि गळले तर निगा थांबवत नाही. कोवळ्या झाडाचा मोहोर तो खुडतो, मोठ्या झाडाचे फळ इजा न करता काढतो, आणि शेंड्यावर झेला न पोचलेले आंबे राहिले तर ते पाखरांच्या वाट्याचे समजतो. झाडावर घाव घालणारा आणि झाड लावणारा या दोघांनाही झाड सारखीच सावली देते, असा दृष्टांत ज्ञानेश्वरांनी भक्ताच्या समत्वासाठी बाराव्या अध्यायात दिला आहे. झाडाला ते समत्व जन्मतःच असते; माणसाला ते शिकावे लागते, आणि परसातले झाड ते शिकवायला पुरेशी वर्षे जगते.