जागलीच्या घरातली झोप

वलगावच्या शिवारातलं आमचं वावरातलं घर झोपण्यासाठी बांधलेलंच नाही. आजोबांनी ते जागण्यासाठी बांधलं. तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कवेलू. उत्तरेच्या अंगाला मात्र भिंतच नाही, कारण त्या बाजूनं हरभऱ्यात रोही शिरत. डोक्यावर आडोसा हवा, पण नजर अडायला नको, एवढाच हिशेब होता. पौषातल्या रात्री त्या उघड्या अंगानं वारा आत येई आणि माणसाचा डोळा लागू देत नसे. तो वारा घरात यावा, असंच आजोबांना वाटत असणार.

त्याच घरात आता आम्ही भावंडं चैत्रातला शनिवार-रविवार काढायला जमतो. कुणी पुण्याहून येतं, कुणी अमरावतीहून. चुलीशेजारी गोवऱ्यांच्या इंगळात रोडगे भाजतात. वांग्याची भाजी आणि वरण होतं, आणि जेवण झालं की ज्याला जी बाज सापडेल तिच्यावर तो आडवा होतो. धुऱ्यावरचा पळस तोवर झडत आलेला असतो. कडुनिंब मात्र भरात असतो. दुपारी त्याच्या मोहराकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण रात्री दहाच्या पुढे हवा थोडी निवली की त्याचा गोडसर, किंचित कडवट वास थेट बाजेपर्यंत येतो. मोटार बंद, वावर रिकामं, राखायला काही नाही. अशी गाढ झोप मला शहरातल्या कुठल्याही खोलीत लागत नाही.

पण ही शांतता वसंताची देणगी आहे, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. ती पिकाच्या वेळापत्रकातून आलेली आहे. तूर झोडपून झाली, हरभरा घरी गेला, गहू निघाला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून एका कडेला रचल्या गेल्या. नांगरटीची मोठमोठी ढेकळं उन्हात पडली आहेत. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. वैशाखापर्यंत तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. वरची भुरभुरीत माती त्या भेगांत ओघळते, आणि पाऊस पडला की भेगा मिटून ती आतच राहते. नांगर पोचत नाही तिथवर माती अशी आपली आपण खालीवर होते. नांगरटीत वर आलेले किडींचे कोषही उन्हात मरतात. म्हणून जमीन तापली पाहिजे, असं जुनी माणसं बजावतात. तेव्हा हे रिकामं दिसणारं वावर कामालाच लागलेलं असतं.

जमिनीला अशी उसंत मिळते. बैलाला पोळा मिळतो. माणसाचं काय?

आपण ज्याला सहज रविवार म्हणतो तो मागून मिळालेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत बायका-पुरुष आठवड्याचे सातही दिवस राबत होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुण्याहून येणारा माझा भाऊ ज्या दोन दिवसांच्या भरवशावर गाडी पकडतो, त्यांतल्या रविवारचं मूळ तिथे आहे. गिरण्यांना कापूस आमच्या वऱ्हाडातूनही जात होता. तो वेचणाऱ्या बाईकडे मात्र तो रविवार परत आला नाही. वेचणीच्या दिवसांत ती अजून कापसाच्या वजनावर मजुरी घेते. गेली नाही, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

वलगावात बसून हा विचार करताना गाडगेबाबा आठवतातच. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना, इथल्याच पेढी नदीच्या पुलाजवळ गाडीत त्यांचा प्राण गेला. दापुऱ्याला मामांकडे गुरं राखत आणि शेती करत वाढलेला हा माणूस. वावरात रात्र काढणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. बाबा म्हटलं की खराटा डोळ्यांपुढे येतो, ते खरंच आहे. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्याचा विचार मला अधिक करावासा वाटतो. दिवसभर झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं, आणि जमलेल्या पैशातून दुसऱ्याला पाठ टेकायला जागा करायची! गरिबालाही निवाऱ्याखाली, निर्धास्त झोप मिळाली पाहिजे, हे त्यांनी दगडविटांत बांधून दाखवलं. त्यातलं एकही छप्पर स्वतःच्या घरादारासाठी नव्हतं.

शेतकऱ्याची झोप हा सार्वजनिक प्रश्न आहे, असं मी म्हणतो ते यामुळेच. कृषिपंपाला वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला माणूस थंडीत, अंधारात, सापाकिरड्यातून बॅटरी घेऊन दांडाकडे जातो. राज्यानं 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. मेगावॉटच्या भाषेत तिची चर्चा होते. माझ्या लेखी ती माणसाला रात्री घरी झोपू देणारी योजना आहे, आणि ज्या शिवारात ती अजून पोचलेली नाही तिथे ती पोचावी म्हणून मनापासून भांडलं पाहिजे.

आमच्या घरापुरतं बोलायचं तर सालदाराचं साल पाडव्याला सुरू होतं. आमच्याकडचे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. जागल आता त्यांच्याच वाट्याला येते. ज्या बाजेवर मी निवांत पडतो, त्याच बाजेवर बसून ते हिवाळाभर रोही हाकलतात. यंदा बोलणं चाललं असताना मी म्हटलं, "काका, आठवड्याची एक सुट्टी लिहून घ्या. रविवार ठेवू."

ते म्हणाले, "रविवार घेऊन काय करू भाऊ? बजाराचा दिवस द्या. अन् जागलीच्या रातीनंतर सकाऊनच बोलावू नोका. तेवढं लिहा."

रोख रक्कम, जवारी, कपडे, यांच्या खाली त्या दोन ओळी लिहिल्या. वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "मंग त्या दिवशी बैलाइले वैरण-पाणी कोण करीन?" प्रश्न रास्त होता. त्या शनिवारी रात्री बाजेवर बसून आम्ही भावंडांनी वर्षभराच्या बाजाराच्या दिवसांची यादी केली आणि पाळ्या लावल्या. पुण्याच्या भावानं कार्तिक ते माघ मागून घेतले, कारण जागलीही त्याच महिन्यांत पडतात.