वैद्याचा शनिवार आणि खेळाडूचा शनिवार

ज्यू धर्मशास्त्रात, म्हणजे ज्याला हलाखा म्हणतात त्या आचारसंहितेत, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा काळ शब्बाथ म्हणून पाळला जातो. हा दिवस निव्वळ सुटीचा नसून विश्वनिर्मितीनंतर ईश्वराने घेतलेल्या विरामात माणसानेही सहभागी होण्याचा आहे, अशी त्यामागची धारणा असल्यामुळे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाने त्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ मूळ प्रकार ठरवून दिले. इतक्या काटेकोर व्यवस्थेत वैद्याची मोठी पंचाईत व्हायला हवी होती, कारण आजार वार पाहून येत नाही. प्रत्यक्षात मात्र वैद्याचा प्रश्न या परंपरेने फार पूर्वी सोडवला आणि ज्यावाचून कोणाचेही अडत नाही त्या खेळाचा प्रश्न तिला अधिक अवघड गेला. डब्लिनचे प्रसूतितज्ज्ञ आणि आयर्लंडचे रग्बीपटू बेथेल सॉलोमन्स (१८८५–१९६५) यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले असल्याने त्या चरित्राचा विचार धर्मशास्त्राच्या अंगाने करण्याजोगा आहे.

सॉलोमन्स यांचे वडील मॉरिस हे डब्लिनमधील चष्म्यांचे प्रसिद्ध व्यावसायिक आणि बहीण एस्टेला ही नामांकित चित्रकार. ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या बेथेल यांनी १९०८ ते १९१० या काळात आयर्लंडकडून १० आंतरराष्ट्रीय सामने खेळले. पुढे १९२६ मध्ये ते डब्लिनच्या रोटुंडा रुग्णालयाचे ‘मास्टर’ झाले. १७४५ मध्ये बार्थोलोम्यू मॉस यांनी स्थापन केलेल्या या प्रसूतिगृहात मास्टर म्हणजे सात वर्षांच्या मुदतीने नेमला जाणारा सर्वाधिकारी प्रमुख, आणि त्या पदावर आलेले ते पहिले ज्यू होत. जेम्स जॉइस यांनी ‘फिनेगन्स वेक’मध्ये त्यांच्या नावावर आणि रुग्णालयाच्या नावावर एकत्र कोटी केली आहे, एखाद्या प्रसूतितज्ज्ञाला साहित्यात मिळालेला हा मान दुर्मीळच म्हटला पाहिजे.

आता वैद्याच्या शनिवाराकडे वळता येईल. जीव वाचवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक धर्माज्ञा बाजूला सारता येते, नव्हे सारावीच लागते, या तत्त्वाला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात, आणि मूर्तिपूजा, मनुष्यहत्या व निषिद्ध लैंगिक संबंध एवढेच त्याचे अपवाद आहेत. या तत्त्वासाठी इतिहासात किंमतही मोजावी लागली आहे, कारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजसत्तेविरुद्धच्या संघर्षात काही धर्मनिष्ठ ज्यूंनी शब्बाथच्या दिवशी शस्त्र उचलण्यास नकार दिला, ते बायकामुलांसह मारले गेले, आणि त्यानंतर बंडाचा नेता मत्तथिया याच्या अनुयायांनी त्या दिवशीही स्वसंरक्षण करण्याचा निर्णय घेतला. प्रसूतीच्या बाबतीत मिश्ना तर विशेष स्पष्ट आहे: बाळंतिणीसाठी शब्बाथच्या दिवशी दूरच्या गावाहून सुईण बोलावता येते आणि तिच्यासाठी त्या दिवसाचे नियम मोडता येतात. म्हणजे सॉलोमन्स यांच्या व्यवसायाला शास्त्राने नाव घेऊन अनुज्ञा दिलेली होती.

या अनुज्ञेचे स्वरूप कोणते, याविषयी मात्र शास्त्रकारांत मतभेद आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत मोलाचा आहे. एका मतानुसार जीव धोक्यात असताना शब्बाथचे निर्बंध त्या कृतीपुरते अस्तित्वातच नसतात, त्यामुळे वैद्य काही मोडतच नाही. या भूमिकेला ‘हुत्रा’ म्हणतात. दुसऱ्या मतानुसार निर्बंध कायम असतात, परंतु अधिक मोठ्या कर्तव्यापुढे ते मागे सारले जातात. ही ‘देखुया’ भूमिका होय. आपद्धर्माची कल्पना ज्ञात असलेल्या मराठी वाचकाला दुसरी भूमिका ओळखीची वाटेल, मात्र एक फरक ध्यानात घ्यायला हवा: आपद्धर्मात पुष्कळदा नाइलाजाची छटा असते, तर बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस, जे स्वतः वैद्य होते, देखुयाचा पक्ष घेऊनही असे सांगतात की रुग्णासाठी शब्बाथ मोडण्याचे काम परधर्मीयांवर किंवा मुलांवर न ढकलता समाजातील ज्ञानी, प्रतिष्ठित माणसांनी स्वतः करावे. नियम मोडला जातो हे मान्य, पण तो संकोचाने मोडायचा नाही, अशी ही भूमिका आहे आणि तिच्यात विसंगती शोधणे व्यर्थ आहे. ज्याला आपण काय बाजूला सारतो आहोत याची जाणीव असते, तोच ते निःशंकपणे सारू शकतो.

खेळाडूच्या शनिवाराला असा कोणताच आधार नाही. त्या काळातील आंतरराष्ट्रीय रग्बी सामने बहुतेक शनिवारी दुपारी होत, आणि १५ जणांच्या संघातील फॉरवर्ड म्हणजे चेंडूसाठी अंगाला अंग भिडवून रेटारेटी करणाऱ्या पुढच्या फळीतील खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा कोणाचाही जीव वाचत नसतो. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्खान आरुख’ या आचारग्रंथात शब्बाथच्या दिवशी चेंडू खेळण्यास मनाई केली, तर क्राकूवचे मोशे इसर्लेस यांनी त्यावरील टिपणात काहीजण परवानगी देतात व प्रघातही सौम्यतेचा आहे असे नोंदवले. मिश्नावरील चर्चांचा संग्रह असलेल्या जेरुसलेमच्या तालमुदात एका नगराच्या नाशाचे कारण म्हणून चेंडूचा खेळ सांगितला आहे, यावरून त्यामागील अस्वस्थता किती जुनी होती ते कळते. तरीही यशया संदेष्ट्याच्या ज्या वचनातून शब्बाथ आनंदाचा मानण्याची परंपरा निघाली, त्याच वचनात त्या दिवशी स्वतःच्या मर्जीच्या उद्योगांमागे न लागण्याचाही आदेश आहे. आनंद करावा, पण आपल्या मर्जीचा नव्हे, ही अट पाळणे गरजेपोटी नियम मोडण्यापेक्षा कठीण आहे. खेळ ही निखळ मर्जीची गोष्ट असल्यामुळे धर्माची खरी कसोटी दवाखान्यात न लागता मैदानावर लागते, असे म्हणण्यास जागा आहे.

मैदानाची बाजू मांडणारे एक आधुनिक उत्तर १८९८ मध्ये बासेल येथील दुसऱ्या झायोनिस्ट परिषदेत मॅक्स नॉर्दाऊ यांनी दिले. तेही व्यवसायाने डॉक्टरच होते. शतकानुशतके कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत खुरटलेल्या ज्यू शरीराला पुन्हा बळकट केले पाहिजे, अशा अर्थाची ‘स्नायूंच्या ज्यूधर्मा’ची त्यांची कल्पना होती. ती सॉलोमन्स यांना जशीच्या तशी लागू करणे मात्र योग्य ठरणार नाही, कारण नॉर्दाऊंना स्वतंत्र ज्यू राष्ट्र हवे होते आणि सॉलोमन्स आयर्लंडच्या जर्सीत खेळत होते. त्या आयर्लंडमध्ये १९०४ साली, म्हणजे त्यांच्या पहिल्या सामन्याच्या चारच वर्षे आधी, लिमरिक शहरात एका कॅथलिक धर्मगुरूच्या प्रवचनांनंतर ज्यूंवर व्यापारी बहिष्कार घालण्यात आला होता. चौदा प्रोटेस्टंट आणि एक ज्यू असलेल्या संघाला आयरिश कसे म्हणायचे, असे एका गाडीवाल्याने त्यांना सुनावल्याची आख्यायिका सांगितली जाते. ती विनोदी असली, तरी धर्मावरून राष्ट्रीयत्व मोजण्याची सवय किती अंगवळणी पडली होती हे तिच्यातून दिसते.

रोटुंडातील कारकीर्दीत धर्माचा प्रश्न याहून गंभीर रूपात उभा होता. बाळंतीण अडली आणि तिचा जीव धोक्यात आला, तर मिश्नाच्या मते गर्भाचा बळी देऊनही तिला वाचवावे, कारण तिचा जीव आधी येतो. परंतु बाळाचा बहुतांश भाग बाहेर आल्यानंतर त्याला हात लावता येत नाही, कारण मग दोन्ही जीव समान होतात. उलट, पोप पायस अकरावे यांनी डिसेंबर १९३० मध्ये काढलेल्या परिपत्रकाने मातेचा जीव वाचवण्यासाठीही गर्भाची थेट हत्या अमान्य ठरवली, आणि १९३५ मध्ये आयरिश कायद्याने संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर व आयातीवर बंदी घातली. प्रोटेस्टंट वळणाच्या संस्थेचा ज्यू प्रमुख कॅथलिक बहुसंख्य देशातील स्त्रियांची बाळंतपणे करीत होता, ही परिस्थितीच अशी होती की ‘जीव आधी’ या सर्वमान्य तत्त्वापाठोपाठ ‘कोणाचा जीव?’ हा प्रश्न येणे अटळ होते. पुढे १९६९ मध्ये त्यांचे पुत्र मायकेल, जे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आयर्लंडमधील पहिल्या कुटुंबनियोजन संस्थेच्या संस्थापकांत होते.

उत्तरायुष्यात सॉलोमन्स डब्लिनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या उदारमतवादी ज्यू प्रार्थनामंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. या पंथात हलाखा मार्गदर्शक असते, बंधनकारक नसते, आणि अंतिम निर्णय व्यक्तीच्या विवेकावर सोपवला जातो. हीच चळवळ मुंबईत १९२५ मध्येच पोहोचली होती, आणि ती आणणाऱ्यांत डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू समाजातील, स्त्रीरोगतज्ज्ञ अग्रभागी होत्या, ज्यांनी १९१९ मध्ये लंडनची एम.डी. पदवी मिळवून पुढे कामा रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले. दोन खंडांतील दोन प्रसूतितज्ज्ञांनी एकच पंथ स्वीकारावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ज्यांच्या कामात रोज नियम आणि जीव यांची तुलना करावी लागते, त्यांना विवेकाला प्राधान्य देणारा धर्म जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

तरीही उदारमतवादाच्या या उत्तराला एक मर्यादा आहे. रब्बी आणि तालमुद यांच्यावाचून कोकणात शतके काढलेल्या बेने इस्रायलांना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले, ते घाणा त्या दिवशी सगळ्यांचाच बंद राहत असे म्हणून. शनिवार ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवला, तर वैद्याची मुळीच गैरसोय होत नाही, कारण त्याची सोय जुन्या शास्त्राने केलेलीच होती; खेळाडूची सुटका होते, पण समाजाचा सामाईक दिवस हरवतो. उदारमतवादाने खेळाडूला मोकळे केले आणि त्या बदल्यात जे गमावले त्याची भरपाई उदारमतवादाकडे नव्हती.