वठलेल्या झाडासाठी प्रार्थना

हे देवा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सिएरा नेवाडाच्या उतारांवर, कॅस्केड पर्वताच्या कोरड्या अंगाला, पाइनच्या खोडाला बिलगून राहणाऱ्या एका सुतारपक्ष्यासाठी आज तुझ्यापुढे हात जोडले आहेत. अंग काळंभोर, डोकं आणि गळा शुभ्र, पंखांत पांढरा पट्टा, नराच्या मानेमागे एवढासा लाल ठिपका. पांढऱ्या डोक्याचा हा सुतार तू घडवलास, म्हणून तुझे आभार.

त्याच्या अन्नाची सोय तू किती जपून केलीस! इतर बहुतेक सुतार किड्यामुंग्यांच्या मागे असतात; हा तेही खातो, पण थंडीचे दिवस काढतो ते मुख्यतः पाइनच्या बियांवर. शुगर पाइनचे शंकू कधी कधी अर्धा मीटर लांब भरतात आणि त्यांना राळ सुटते. फणस चिरण्याआधी आम्हाला हाताला तेल लावावं लागतं. या पक्ष्याला मात्र तू शंकूच्या कडेला लटकून, पोटाची पिसं राळेला लागू न देता बी काढायला शिकवलंस. ते बी सालीच्या फटीत घट्ट बसवून तो चोचीने फोडतो. दोन बोटं पुढे, दोन मागे, शेपटीचा ताठ टेकू. आणि मेंदू इतका लहान ठेवलास, की दिवसभर घाव घालूनही त्याला इजा होत नाही.

घरासाठी मात्र त्याला वठलेलं झाड लागतं. आतून मऊ पडलेल्या खोडात नर आणि मादी ढोली कोरतात. चार-पाच अंडी, जेमतेम पंधरवड्याची उबवण. रात्रीची पाळी नराची. पुढल्या वर्षी बहुधा नवी ढोली कोरली जाते, आणि जुनीत दुसरे पक्षी, उडत्या खारी राहायला येतात. म्हणजे दाण्यासाठी जुनं, जिवंत झाड आणि निवाऱ्यासाठी मेलेलं झाड, दोन्ही त्याला एकाच रानात हवीत. देवा, आमच्या हातून नेमकी ही दोन्ही गेली. जुनी झाडं फळ्यांसाठी पाडली. वठलेली कधी सरपणासाठी, कधी धोक्याची म्हणून, तर कधी नुसती नजरेला खुपली म्हणून.

आगीशीही आम्ही वैर धरलं. तिथले मूळ रहिवासी असलेले मोनो, मिवोक, करुक लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणूनबुजून छोट्या आगी लावत. आग जमिनीलगत सरकायची, पालापाचोळा आणि दाटीची रोपं जळायची. जाड सालीचे थोरले पाइन उभे राहायचे. 1850 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ जॉन कॅसिन यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गवताळ रानाला आग लावणं हा गुन्हा ठरवला. 1935 मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने नियम केला, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात यायलाच हवी. रान दाटत गेलं, आणि आता पेटतं तेव्हा शेंड्यापर्यंत पेटतं. 2012 ते 2016 च्या दुष्काळात आणि सालकिड्यांच्या तडाख्यात कॅलिफोर्नियात दहा कोटींहून जास्त झाडं मेली. वठलेली खोडं उदंड झाली, पण दाणा देणारे कितीतरी म्हातारे पाइन गेले. घर आहे आणि ताट रिकामं, अशी वेळ तुझ्या लेकरावर आणू नकोस.

करुणाकरा, ज्यांच्याकडून आगीचं ज्ञान हिरावून घेतलं, त्यांच्या हाती ते मानाने परत येऊ दे. ठरवून, सांभाळून आग लावणाऱ्यांवरचा खर्चाचा बोजा 2021 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हलका केला. ही सुरुवात वाढू दे. ते आग लावतील त्या दिवशी वारा शांत ठेव. वणव्याशी झुंजणाऱ्यांना सुखरूप घरी आण. ज्यांची घरं जळाली, त्यांना छप्पर दे. आगीची भीती बसलेल्या मनांना छोटी आग आणि मोठी आग यांतला फरक उमजण्याइतका धीर दे.

उत्तरेला, कॅनडाच्या ओकानागन खोऱ्यात हे पक्षी अगदी थोडे उरले आहेत. दक्षिणेत पाइनच्या अनेक जाती आहेत. एकीला बी आलं नाही तर दुसरी हात देते. ओकानागनमध्ये मात्र त्यांची भिस्त मुख्यतः एकट्या पॉन्डेरोसा पाइनवर. त्या झाडांना चांगलं बी धरू दे.

आणि येत्या हंगामात ज्याच्या हाती करवत असेल, त्याला वठलेल्या झाडापाशी क्षणभर थांबून ढोली शोधायची बुद्धी दे. ढोली दिसली तर झाड राखायचं धैर्य दे. दिसली नाही, तरी पुढल्या वर्षी इथे कुणी ती कोरेल, एवढा विश्वास दे.