माणसे झाडांसारखी दिसतात तेव्हा

(मार्क ८:२२-२६)



बेथसैदा गावातल्या आंधळ्याची गोष्ट आपण मिस्सेत पुष्कळदा ऐकली आहे. लोक त्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि काही दिसते का म्हणून विचारतो. तो सांगतो की माणसे दिसतात खरी, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सारे स्वच्छ दिसू लागते. चारही शुभवर्तमानांत दोन टप्प्यांनी झालेला असा चमत्कार हा एकच आहे. प्रभूची शक्ती पहिल्या वेळी कमी पडली, असे मला वाटत नाही. पहिल्या स्पर्शाने डोळे उघडले. माणूस माणसासारखा दिसायला मात्र दुसरा स्पर्श लागला.

ही गोष्ट माझ्यावरही बेतली आहे. काही वर्षांपूर्वी पहिल्या शुक्रवारी मी कोळीवाड्यातल्या एका घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो होतो. घरातले आजोबा लकव्याने अंथरुणाला खिळलेले. मी खाटेजवळ बसलो आणि त्यांच्या डोक्यावरून सुनेला विचारले, "बाबा जेवतात का नीट? झोप लागते का?" ती म्हणाली, "फादर, बाबांनाच विचारा ना. ते ऐकतात." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी वाकून त्यांना विचारले, "बाबा, काय खावंसं वाटतं?" उत्तर यायला बराच वेळ लागला. ओठ हलले आणि शब्द आला, "निवटी." सून हसली. खाडीत आता पूर्वीसारख्या निवट्या मिळतात कुठे, म्हणाली. आजोबाही हसले, अर्ध्या तोंडाने.

ख्रिस्ताचे शरीर हातात घेऊन मी त्या घरात शिरलो होतो, आणि खाटेवरचे झाड पाहून सुनेशी बोलत होतो.

परत येताना मला परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलातल्या अरुणा शानबागची आठवण झाली. तरुणांपैकी काहींना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अरुणा कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या हळदीपूर गावची. के.ई.एम.मध्ये ती नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलातच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. मधली सुमारे बेचाळीस वर्षे ती वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत पडून होती. तिला बोलता येत नव्हते, चालता येत नव्हते.

ती वर्षे तिला सांभाळले ते तिथल्या नर्सेसनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना अरुणाजवळ नेत आणि ही आपल्यापैकीच एक आहे, अशी ओळख करून देत. १९८०च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला हलवायचे ठरवले, तेव्हा नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या आणि महापालिकेला बेत सोडावा लागला. २०१० च्या सप्टेंबरात मलेरिया होईपर्यंत तिला तोंडानेच भरवत होते. त्यानंतर नाकातून नळी घालावी लागली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासले, तेव्हा तिच्या अंगावर बेडसोअर नव्हते. ज्यांच्या घरी कुणी आठ-दहा महिने जरी अंथरुणावर असेल, त्यांना यामागचे कष्ट मी सांगायला नकोत. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे, पुसणे, कोरडे करणे, पुन्हा दोन तासांनी तेच.

त्याच डॉक्टरांच्या अहवालात एक लहानशी गोष्ट आहे. आवडीचे मासे किंवा चिकन सूप मिळाले की अरुणा हसे, आणि नको असलेले अन्न थुंकून टाकी. किनाऱ्यावरची मुलगी ती! आपल्या ट्रॉम्बेच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. वैद्यकशास्त्राने तिच्या स्थितीला एक लांबलचक नाव दिले होते. पण तिला मासे आवडतात हे ज्यांनी शोधून काढले, त्यांनी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले होते.

अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला या यातनांतून सोडवावे म्हणून न्यायालयात अर्ज केला होता. त्यांच्या मनात करुणाच होती, त्यांना दोष देण्याचे मला कारण नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलायचा हक्क, इतकी वर्षे तिला सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या लोकांचा आहे, असे सांगितले. नर्सेसनी त्या दिवशी पेढे वाटले.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे नीट समजून घ्या, कारण आजारी माणसाच्या घरी तिचा कधी कधी उलटाच अर्थ लावला जातो. मरणाच्या दारातल्या माणसावर झेपणार नाहीत असे उपचार लादलेच पाहिजेत, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. असे उपचार थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे. पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजी डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट केली. माणूस कितीही आजारी असला, त्याला शुद्ध नसली, तरी तो माणूसच राहतो. तो कधीही 'भाजीपाला' होत नाही. त्याला अन्नपाणी देणे हे औषध नव्हे, ती साधी माणुसकी आहे. पोपमहोदय स्वतः तेव्हा कंपवाताने थरथरत होते. साधारण वर्षभराने ते गेले.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. "नुसता ओंडका होऊन पडलाय." "आता काय, बाळंच झालंय तिचं." दुष्टपणाने कुणी बोलत नाही, दमल्यावर तोंडून निघते. पहाटे तीन वाजता चौथ्यांदा चादर बदलताना समोरच्या देहात देवाची प्रतिमा दिसत नाही, घाण तेवढी दिसते. सासूचा राग येतो, देवाचाही येतो. पापनिवेदनाला येऊन सुना, मुली आणि अलीकडे मुलगेही हे रडत सांगतात, "फादर, ती लवकर जावी असं माझ्या मनात आलं." त्यांना मी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण करून देतो. तिथे उजवीकडचे लोकही प्रभूला विचारतात की आम्ही तुला आजारी केव्हा पाहिले. त्यांनाही तो दिसला नव्हता! त्यांनी फक्त पाणी दिले होते, भेटायला गेले होते. तेव्हा चादर बदलताना काही पवित्र वाटले नाही म्हणून घाबरू नका. हात काम करतात, नजर मागून येते.

आणखी एक फरक आहे, तो मला टोचतो. अरुणाला सांभाळणाऱ्या नर्सेसना पाळ्या होत्या. आठ तास झाले की दुसरी येई. आपल्या पॅरिशमधल्या घरांत ती दुसरी कोण? एकच सून, एकच न लग्न झालेली मुलगी, वर्षानुवर्षे. रविवारी मिस्सेला ती दिसत नाही म्हणून आपण तिच्या श्रद्धेबद्दल कुजबुजतो. ती मिस्सेला आली, तर खाटेजवळ कोण बसेल, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मी स्वतः विचारले नव्हते. ख्रिस्तप्रसाद देऊन दहा मिनिटांत पुढच्या घरी जात होतो.

म्हणून या महिन्यापासून एक वही सॅक्रिस्टीत ठेवली आहे. रविवारी सकाळी दोन तास ज्यांना कुणाच्या घरी बसता येईल, त्यांनी आपले नाव व गल्ली लिहावी. कोळीवाडा, चीता कॅम्प, अणुशक्तीनगर, जिथे असाल तिथल्या जवळचे घर मिळेल. नर्सिंग यायला हवे असे नाही. पाणी पाजता आले आणि गप्पा मारता आल्या तरी पुरे. उत्तर आले नाही तरी बोलायचे आहे.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी वहीच्या मागच्या बाजूने लिहावे. "आजारी आजी, खोली नंबर अमुक" असे लिहू नका. आजीचे बाप्तिस्म्याचे नाव लिहा, तिला लोक काय म्हणून हाक मारतात ते लिहा, आणि शेजारच्या रकान्यात तिला खायला काय आवडते तेही लिहा. पहिल्या पानावर एका आजोबांचे नाव मी लिहिले आहे. ते आता देवाघरी गेले. त्यांच्या रकान्यात 'निवटी' लिहिले आहे.