स्टेशनापासून समाधीपर्यंत

शेगावच्या रेल्वे स्थानकापासून श्री गजानन महाराजांच्या समाधी मंदिरापर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. मुंबईहून, नागपूरहून किंवा थेट हावड्याच्या बाजूने येणारा भाविक शेकडो किलोमीटर येतो तो छापील तिकिटावर आणि ठरलेल्या दराने. फलाटाबाहेर पाऊल पडले की ही निश्चिती संपते. कोणत्या अंगाला वळायचे, किती लांब जायचे, रिक्षावाल्याला किती द्यायचे, सामान कुठे ठेवायचे, कोणाचे ऐकायचे, हे सगळे प्रश्न एकाच वेळी समोर येतात, आणि एकट्याने आलेल्या माणसाजवळ त्यांतल्या एकाचेही उत्तर नसते. यात्रेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण त्यात लांबचा प्रवास असतो, दर्शन असते, या दोहोंमधला हा तुकडा मात्र कोणी विचारात घेत नाही. माझे म्हणणे असे की यात्रेचा नैतिक कस इथेच लागतो, आणि तो यात्रेकरूपेक्षा गावाचा अधिक लागतो. कोणाच्या टोळीत नसलेला, कोणत्याही दलालाच्या हवाली न झालेला माणूस उतरल्या जागेपासून देवापर्यंत मोकळ्या मनाने जाऊ शकतो की नाही, हा प्रश्न नगरपालिकेच्या आणि वाहतूक पोलिसांच्या कामाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप श्रद्धाळूंकडूनच येईल. यात्रा कष्टाने करायची असते. अखेरचा किलोमीटर सुखाचा करून देणे म्हणजे तिचे पुण्य पातळ करणे, असे ते म्हणतील. या आक्षेपामागे शास्त्राचा आधार आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरची वचने गोळा केली आहेत. त्यांत मत्स्यपुराणातले प्रयागयात्रेसंबंधीचे एक वचन येते. ऐश्वर्यापोटी, लोभापोटी किंवा मोहापोटी जो वाहनाने जातो त्याची यात्रा निष्फळ होते, असा त्याचा आशय आहे. या निषेधाची व्याप्ती किती, यावर निबंधकारांत मतभेद झाले. पण वचन नीट वाचले तर त्याचा रोख वाहनावर नाही, वाहनात बसणाऱ्याच्या मनावर आहे. श्रीमंतीचा तोरा मिरवत पालखीतून जाणे वेगळे आणि गुडघे दुखतात म्हणून बसमध्ये चढणे वेगळे. शिवाय शेगावच्या बाबतीत हा आक्षेप इतिहासाशीही जुळत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा रेल्वेमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. शेगाव त्याच मार्गावरचे. गजानन महाराज प्रकटले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. म्हणजे तोवर या गावातून गाड्या धावू लागून दशक उलटले होते. काशीला, प्रयागला, पंढरीला रेल्वेपूर्वीचा एक काळ आहे. शेगाव या तीर्थाला रेल्वेआधीचा काळच नाही. इथे येण्याची खरी जुनी रीत कोणती म्हणून विचाराल, तर ती आगगाडीने येऊन स्टेशनावर उतरण्याचीही आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो फारसा कोणी उघड मांडत नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ कोणाला मिळते याची लक्षणे सांगितली आहेत. हात, पाय आणि मन ताब्यात असणे हे त्यांतले एक; प्रतिग्रहापासून, म्हणजे दुसऱ्याने दिलेले दान घेण्यापासून, दूर राहणे हे दुसरे. शेगावात गजानन महाराज संस्थानच्या बसगाड्या स्थानकापासून मंदिराकडे आणि भक्त निवासांकडे भाविकांना विनामूल्य नेतात. मंदिरात महाप्रसादही विनामूल्य मिळतो. मग फुकटच्या बसमध्ये बसणारा भाविक प्रतिग्रह करतो काय? स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या पैशांवर येण्याचा त्याचा स्वाभिमान इथे गळून पडतो काय? याचे उत्तर धर्मशास्त्रातच मिळते. विहीर, तळे, आमराई, धर्मशाळा ही पूर्तकर्मे मानली गेली आणि दानापासून त्यांचा एक भेद केला गेला. दानात वस्तू एका माणसाची सुटून दुसऱ्या ठरावीक माणसाची होते. विहिरीचा उत्सर्ग केला की ती सर्व प्राण्यांची होते; इतकी की खोदणाऱ्याने स्वतः तिचे पाणी प्यायले तरी त्याला दोष लागत नाही, कारण तो आता सर्वांपैकी एक म्हणून पितो. अशा पाण्याने तहान भागवणारा कोणाचा मिंधा होत नाही. स्थानकाबाहेर उभी असलेली बस याच जातीची आहे. ती कोणा एकाला दिलेली भिक्षा नाही, सर्वांसाठी सोडलेली वाट आहे. तिच्यात चढणाऱ्याला ना नाव विचारले जाते, ना जात, ना मागच्या वर्षी किती देणगी दिली ते.

संस्थानची स्थापना १९०८ मधली, महाराजांनी देह ठेवण्याच्या दोन वर्षे आधीची. पुढे संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात जी शिस्त इथे रुजली तिचे कौतुक महाराष्ट्रभर होते: स्वच्छता, रांगेची व्यवस्था, पाळीपाळीने येऊन मानधन न घेता राबणारे हजारो सेवाधारी. हे कौतुक रास्त आहे, पण बहुधा ते व्यवस्थापनाचे कौतुक असते. मला त्यात एक तत्त्व दिसते आणि ते व्यवस्थापनाहून मोठे आहे. परक्याचे अज्ञान हे कोणाच्याही कमाईचे साधन होऊ नये, असे ते तत्त्व. नवख्या माणसाला अंतर ठाऊक नसते, दर ठाऊक नसतो, मंदिर आज किती वाजता बंद होते तेही ठाऊक नसते. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. ज्ञानाच्या या विषमतेतून जो पैसा निघतो तो कष्टाचा नसतो. आणि तीर्थक्षेत्री तो निघतो तेव्हा माणूस देवाजवळ येतानाच फसवला गेलेला असतो. सेवाधारी जेव्हा नुसता हात करून वाट दाखवतो, तेव्हा ही विषमता त्या माणसापुरती मिटते.

हीच गोष्ट बंदरांवर फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर स्वतंत्र यात्रेकरूचे स्वातंत्र्य किती नाजूक असते ते कळते. १९९५ पर्यंत मुंबईहून हजयात्रेकरू जहाजाने जेद्दाला जात. समुद्रावर दिवसामागून दिवस काढून ते जेद्दाच्या धक्क्यावर उतरत. आणि मक्का तिथून सत्तरेक किलोमीटर आत. मोटारींपूर्वीच्या काळात हे अंतर उंटांवरून तोडावे लागे. वाटेत लुटारू असत. उंटवाला कोण, भाडे किती, मुक्काम कुठे, हे सारे वाटाड्यांच्या हाती असे. गरीब हाजींचे हाल इतके बोलले जाऊ लागले की ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. काही वर्षांतच ती व्यवस्था गुंडाळली गेली. सहलींचा व्यापार जगाला शिकवणारी कंपनी असूनही तिला हे काम तोट्याचे गेले. इस्लामी धर्मशास्त्राची भूमिका इथे लक्षात घेण्यासारखी आहे. हज फर्ज आहे ती ज्याला तिथे पोहोचण्याची कुवत आहे त्याच्यावर. आणि या कुवतीच्या व्याख्येत धर्मशास्त्र्यांनी शिधा आणि वाहन दोन्ही मोजले, वाट सुरक्षित असणेही विचारात घेतले. वाट आणि वाहन या गोष्टी तिथे भक्तीच्या बाहेरच्या मानल्या गेल्या नाहीत; कर्तव्य लागू होते की नाही ते त्यांवर ठरते. आज मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर पर्यटनाच्या मोठ्या बोटी लागतात. बोटीवरून उतरणाऱ्यापुढेही दोनच मार्ग असतात: कोणीतरी आखलेल्या सहलीत आपले तास बांधून टाकायचे, नाहीतर गोदीच्या फाटकाबाहेर एकट्याने शहराला सामोरे जायचे. दुसरा मार्ग निवडणाऱ्याला शहर जसे भेटते, तसे ते खरे शहर असते.

आता रिक्षावाल्यांची बाजू. मोफत बस म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. शेगावसारख्या गावात कापसाच्या व्यापारानंतर उत्पन्नाचा मोठा आधार यात्रेकरूच आहेत. हप्त्यावर रिक्षा घेतलेला तरुण धर्मशास्त्रातल्या उत्सर्गावर घर चालवू शकत नाही. या आक्षेपाला दयेने नव्हे, न्यायाने उत्तर द्यायला हवे. बसची वाट न पाहता जो लगेच निघू इच्छितो, ज्याच्याजवळ सामान फार आहे, ज्याला वेगळ्या ठिकाणी उतरायचे आहे, तो रिक्षा करणारच; त्याचे भाडे हा कष्टाचा मोबदला आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मोफत बसमुळे रिक्षावाल्याचा धंदा बुडत नाही. बुडतो तो अडवणुकीचा धंदा. ज्या प्रवाशाजवळ नाही म्हणण्याची सोय आहे त्याच्याशीच खरा व्यवहार होऊ शकतो. बस समोर उभी असताना जो माणूस रिक्षात बसतो तो राजीखुशीने बसतो, आणि ‘स्पेशल’चे पैसे देऊनही त्याच्या मनात किल्मिष राहत नाही.

वारकरी म्हणतील की हे एकट्याचे कौतुक आपल्या परंपरेचे नव्हे. शेगावहून दरवर्षी आषाढीसाठी पालखी निघते, महिनाभराहून अधिक काळ पायी चालून पंढरपूरला पोहोचते. तिथे दिंडी आहे, विणेकरी आहे, शिस्त आहे. माणूस समूहात विरघळतो हेच तर वारीचे मोठेपण. हे मान्य आहे. पण दिंडीत कोणी कोणाला विकत घेत नाही, कोणी कोणाच्या अज्ञानावर जगत नाही. आणि चालायचे ते ज्याचे त्यानेच. समूह आणि स्वातंत्र्य यांत विरोध उभा राहतो तो समूहाचा ठेकेदार झाला म्हणजे. उलट, समूहातही कोणीतरी मागे राहते, आणि परंपरेने त्याची आठवण ठेवली आहे. दासगणू महाराजांच्या गजानन विजय ग्रंथात बापूना काळे यांची कथा आहे. पंढरपुरात बाकीची मंडळी दर्शनाला निघून गेली. बापूना स्नानाला गेले होते, ते मागे राहिले आणि त्यांचे दर्शन हुकले. पुढे महाराजांनी मुक्कामाच्या जागीच त्यांना विठ्ठलरूपात दर्शन दिले. भाविक या कथेतला चमत्कार सांगतात. मला तिच्यात आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो: सगळ्यांचे दर्शन झाले होते, एकाचे झाले नव्हते, आणि महाराजांनी त्या एकाचाच विचार केला. देवापर्यंत पोहोचण्यातला तो उरलेला तुकडा ज्याचा राहून गेला, त्याची जबाबदारी कोणीतरी उचलायची असते, हे शेगावच्या परंपरेतच आहे.

बुलढाणा जिल्ह्यात इतरत्र पाहिले तर ही जबाबदारी किती असमान उचलली गेली आहे ते उघड दिसते. लोणारला जगप्रसिद्ध विवर आहे, गोमुखाची धार आहे, दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे, विवराच्या तळाशी कमळजादेवी आहे. २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. पण लोणारला रेल्वे नाही. खामगावपर्यंत जलंबहून फाटा आला तो १८७० मध्ये. खामगाव ते जालना मार्गाची मागणी अनेक दशके कागदावरच आहे. ज्याच्याजवळ भाड्याच्या मोटारीचे पैसे आहेत तो लोणार आपल्या सवडीने पाहतो. बाकीच्याने मेहकरला एसटी बदलायची आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे याची चिंता मनात ठेवून देवीपुढे हात जोडायचे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास सर्व धर्मांचे लोक येतात, त्यांत मानसिक आजाराने ग्रासलेल्या आप्तांना घेऊन येणारी गरीब कुटुंबे पुष्कळ असतात. ज्याचा भाऊ किंवा मुलगा हातात धरून न्यावा लागतो त्याच्याशी काळीपिवळीच्या भाड्यावरून घासाघीस करणे याला दुसरे नाव नाही, तो अधर्म आहे. एसटी यात्रेसाठी जादा गाड्या सोडते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. कोणाच्या सोबतीवाचून, कोणाच्या परवानगीवाचून एखादी म्हातारी चिखलीहून शेगावला निघू शकते, याचे श्रेय या सवलतींना आहे. पण सवलत बसस्थानकापर्यंतच पोहोचते. तिथून पुढे म्हातारीला गावावरच विसंबावे लागते.

यावर कोणी म्हणेल की ज्याच्या मनात भाव आहे त्याला घरच्या देव्हाऱ्यातही देव भेटतो, मग या साऱ्या खटाटोपाची गरजच काय. गाडगेबाबा याच विदर्भाचे. कर्ज काढून तीर्थे करू नका, असे ते कीर्तनातून लोकांना परोपरीने सांगत. पण त्याच गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. यात्रेबद्दल ज्याला शंका होती त्यानेही यात्रेकरूला उघड्यावर सोडले नाही. श्रद्धा बरोबर की चूक हा वाद ज्याचा त्याने चालवावा. आलेला माणूस सुखरूप आत यावा, याबद्दल वाद असू शकत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक देवस्थानाच्या, दर्ग्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना एकच विनंती आहे. नव्या कमानीसाठी आणि कळसासाठी वर्गणी काढण्याआधी बसस्थानकावर आणि फाट्यावर मोठ्या अक्षरांत एक फलक लावा: अंतर किती, रिक्षाचे भाडे किती, चालत जायची वाट कोणती, परतीची शेवटची गाडी किती वाजता. आणि यात्रेच्या दिवसांत त्या फलकाखाली गावातला एक जाणता माणूस उभा करा.