उसने लाकूड

माउली, पालखी पहाटे मुक्काम सोडते तेव्हा कधी मागे वळून पाहिले आहे का? रात्री जिथे राहुट्यांचे गाव होते, तिथे आता मोकळे रान असते. दोर गुंडाळलेले, ताडपत्रीची घडी ट्रकवर चढलेली. तीच राहुटी संध्याकाळी पुढच्या तळावर उभी राहायची असते. म्हणून जाणता माणूस खुंटी फुटणार नाही अशी ठोकतो आणि उपटल्यावर मोजून पोत्यात भरतो.

पण सगळेच असे वागत नाहीत. ‘उद्या मोडायचेच आहे’ असे म्हणून आपण मांडवाच्या लाकडात वाटेल तिथे खिळे ठोकतो, हवे तसे कापतो. उरलेले चुलीत जाते. मग स्वतःला विचारा, जे थोड्या दिवसांचे आहे, त्याची काळजीही थोडीच घ्यावी का?

एक दृष्टांत जपानचा घ्या. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धा २०२१ साली झाल्या. खेळाडूंच्या वसाहतीत दुकाने आणि भेटीगाठी यांसाठी एक लाकडी वास्तू उभारली होती. स्पर्धा संपल्यावर ती उतरवायची, हे आधीच ठरलेले होते. देशभरातील ६३ स्थानिक संस्थांनी तिच्यासाठी आपापल्या भागातले लाकूड दिले. सुमारे ४०,००० नग. पण हे दान नव्हते, उसने होते. लाकडावर ते कुठून आले त्या ठिकाणाचे नाव उमटवले होते. काम झाल्यावर ते ज्याचे त्याला परत द्यायचे आणि तिथल्या सार्वजनिक कामाला लावायचे, असा करारच होता.

परत द्यायचे ठरले की सुताराचा हात बदलतो. डिंकाने कायमचे चिकटवून चालत नाही. बोल्ट घालावा लागतो, म्हणजे नट सैल केला की सांधा सुटतो. भोके मोजकी पाडावी लागतात. वासा होईल तेवढा लांब राखावा लागतो, कारण कापलेला वासा पुन्हा वाढत नाही. खांबाचा पाय ओल्या जमिनीपासून वर ठेवावा लागतो. आणि उभारण्याआधीच उतरवायचे कसे, याचा विचार करावा लागतो.

कोणी म्हणेल, एवढ्या यातायातीपेक्षा नवे लाकूड स्वस्त. पैशाच्या हिशेबात कधी ते खरेही ठरेल. पण झाड वाढायला लागलेली वर्षे त्या हिशेबात कोण मांडतो? आजोबांनी लावलेले झाड चार आठवड्यांच्या सोहळ्यात संपवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्याकडे पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात, दिल्याची आठवण राहावी म्हणून. त्या लाकडावरचे नाव मात्र परतीचा पत्ता होते. मला त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते. जी वस्तू आपल्याकडे थोडाच वेळ आहे, तिची वाट पुढे कोणीतरी पाहत असते. म्हणून ती अधिक जपायची.

यंदा तळ सोडताना, माउली, बांबूची गाठ कापू नका, सोडवा. खुंट्या मोजा. आणि ज्या शेतकऱ्याने रान दिले, त्याचे रानही आपण एका रात्रीपुरते उसनेच घेतले आहे. सकाळी ते नांगराला लावता येईल असे त्याच्या हाती द्या.

रामकृष्ण हरी!