विचारणे हे उपकार नव्हेत



१ मे रोजी महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कष्टकरी संत योसेफ यांचा सण एकत्र येतात. त्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करू या : दुसऱ्याचे म्हणणे मानण्याचे बंधन नसेल, तर ते विचारण्याला काही अर्थ आहे का?

१९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कामाचे तास, वेतन, सुरक्षितता अशा बाबतींत जगासाठी मानके ठरवते. तिच्या १९७६ च्या १४४ क्रमांकाच्या करारानुसार सरकारने या मानकांबाबत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींशी वर्षातून निदान एकदा सल्लामसलत करायची असते. दोन्ही बाजूंना स्थान समान. भारताने हा करार १९७८ साली स्वीकारला. मात्र शेवटचा निर्णय सरकारचाच असतो.

मग विचारायचे कशाला? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कांट सांगतो. यंत्राला कोणी मत विचारत नाही. माणसाला विचारले, की त्याला बुद्धी आहे, स्वतःचे हित कळते, हे आपण मान्य करतो. शिवाय त्याचे म्हणणे नाकारायचे, तर कारण सांगावे लागते. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे, हे प्रभू येशूला ठाऊक नव्हते का? तरीही त्याने ते आधी त्यालाच विचारले.

पण विचारण्याची वेळ निर्णयाआधीची असते. आपल्याकडे सरकार, मालक व कामगार यांना एकत्र आणणारी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ नंतर दहा वर्षे भरली नाही. त्याच काळात चार श्रम संहिता संसदेत संमत झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. आम्ही सल्लामसलत केली, असे सरकार म्हणते. ती नावापुरती होती, असे अनेक कामगार संघटना म्हणतात. दोघांचे उत्तर वेगळे असले, तरी विचारायला हवे होते हे दोघांनाही मान्य आहे.

आणि ज्यांची संघटनाच नाही, त्यांचे काय? २०११ साली जिनिव्हा येथे घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत झाला. भारत सरकारने बाजूने मत दिले. पण पुढे चौदा वर्षे उलटली तरी तो स्वीकारला नाही. ज्यांचा आवाज लहान, त्यांची पाळी शेवटी.

इथे मालक कोण? कुठली कंपनी नव्हे, आपणच. धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींची वेळ, सुट्टी, पगारवाढ आपण ठरवतो आणि त्यांना फक्त सांगतो. सरकारला जाब जरूर विचारावा. पण या आठवड्यात आधी मावशींना विचारू या, त्यांना काय सोयीचे आहे. प्रत्येक गोष्ट मान्य करणे जमेलच असे नाही. जे जमणार नाही, त्याचे कारण मात्र त्यांना समोर बसवून सांगू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू